पाठीवरचं टपाल

टेम्पो उद्या सकाळी येणार हे ठरलेलंच होतं, त्यामुळे भांडायला आता फक्त कपाट उरलं होतं.

"ते जिन्यातून उतरणारच नाही," मामा म्हणाला. "तुझ्या आजोबांनी ते या खोलीत बसून बनवलंय. बाहेरून कधी आत आलंच नाही, तर आतून बाहेर जाणार कसं?"

"सुटं करू," दादा म्हणाला.

"कर की. त्यात एक खिळा सापडला तर मला हाक मार. सगळं खाचेत खाच बसवलेलं आहे. तुझ्या आजोबांना सुटं करणं माहीतच नव्हतं. ना लाकूड, ना माणसं."

दादाने खांद्यावरची दोरी खाली टाकली आणि धाकट्या बहिणीकडे बघितलं. धाकटीने टेप काढून कपाट आणि जिन्याचं वळण दोन्ही केव्हाच मोजून ठेवलं होतं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची आणि मोजल्याशिवाय कशावर बोलायची नाही. मामाने तिचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं होतं ते ती दुधाच्या दातांची असल्यापासून.

"नाही बसत," ती म्हणाली. "चार बोटं कमी पडतात."

"बघ!" मामा म्हणाला. कालपर्यंत तो आपल्या बहिणीला, म्हणजे या दोघांच्या आईला, इथून हलवायच्या साफ विरोधात होता. आज दादाने त्याला जिन्यात गाठून काहीतरी सांगितलं होतं आणि तेव्हापासून तो सामान बांधायला मदत करत होता. पण मनातला विरोध कुठेतरी बाहेर पडायला हवा, म्हणून तो कपाटाच्या बाजूने उभा राहिला होता.

दादा आईकडे वळला. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, शाळेच्या फोटोसाठी बसवल्यासारखी.

"आई, कपाट इथंच ठेवू या का?"

"बरं," आई म्हणाली.

"की न्यायचंच?"

"बरं."

वहिनी साड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले. धाकटीने ते पाहिलं. गेले कित्येक आठवडे आईच्या तोंडून ती हाच शब्द ऐकत होती. डॉक्टरकडे जायचं? बरं. पंखा बंद करू? बरं. दादा म्हणाला, माझ्याकडे राहायला चल, बाराव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. बरं. हिच्या एका आवाजावर एके काळी तीस पोरं गप्प व्हायची.

झालं होतं ते असं. एका सकाळी आईने पेपर उघडला आणि वैतागून विचारलं, "हा कुठल्या भाषेतला आणलास?" पेपर रोजचाच होता. मेंदूच्या मागच्या बाजूला रक्ताची एक गुठळी अडकली होती, एखाद्या तुरीच्या दाण्याएवढी. तिने हात-पाय, बोलणं, आठवणी, कशालाही धक्का लावला नाही. फक्त उजवीकडचं दिसणं गेलं आणि वाचणं गेलं. डॉक्टरांनी कागद पुढे करून "काहीही लिहा" म्हटल्यावर आईने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'मी ठीक आहे, मला घरी जायचं आहे.' डॉक्टरांनी तोच कागद फिरवून तिच्यासमोर धरला. "आता वाचा." आई बघत राहिली. तिला स्वतःचंच वाक्य वाचता येईना.

"लिहिणारा भाग शाबूत आहे, शब्द शाबूत आहेत," डॉक्टर नंतर बाहेर म्हणाले होते. "डोळे आणि शब्द यांच्यातला रस्ता तुटलाय." पुन्हा जोडला जाईल का, या प्रश्नावर ते धाकटीच्या चपलांकडे बघत "फारशी आशा ठेवू नका" म्हणाले होते.

धाकटीने त्या दिवशी घरी येऊन या आजाराबद्दल जे मिळेल ते वाचून काढलं होतं, आणि वाचता येतंय याची आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली होती.

"खाली कधी सांगणार?" दादाने तिला हळूच विचारलं. "उद्या दारात टेम्पो बघून कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. तू सांग. तुला समजावता येतं."

'खाली' म्हणजे तळमजला. आजोबांचा सुतारकामाचा कारखाना. ते गेल्यावर करवती विकल्या गेल्या, पण दालन तसंच राहिलं, आणि मग आईने एका दुपारी दारं उघडून गल्लीतल्या पोरांना आत घेतलं. ज्यांच्या घरी एकच खोली, एकच दिवा आणि माणसं मात्र आठ, अशी पोरं. अभ्यासाला जागा द्यायची एवढाच विचार होता. पोरांमागून त्यांच्या आया आल्या, बसकंडक्टर बाप आला, ज्याला बढतीची परीक्षा द्यायची होती. मग कुणाची सून, कुणाची आजी. दारावर पाटी कधी लागलीच नाही. सगळी वस्ती नुसतं 'खाली' म्हणायची. 'पोरगी कुठंय?' 'खाली गेलीये.' एवढ्यात सगळं आलं.

"सांगते," धाकटी म्हणाली आणि जागची हलली नाही. टेलिफोनवर दादाला 'हो' म्हणणाऱ्यांत ती पहिली होती. तिच्याकडे कारणं होती, एकेक तपासून घेतलेली. आई एकटी राहते. आईला उजवीकडचं दिसत नाही. वाचता न येणाऱ्या बाईने वाचायच्या जागेच्या डोक्यावर राहायचं, ही शिक्षा आहे. तीनही कारणं खरी होती आणि तरी त्यांची बेरीज 'बरं' या शब्दाशी जुळत नव्हती.

"अहो," वहिनी म्हणाली, "आई कुठं गेल्या?"

खुर्ची रिकामी होती.

*

जिन्यात आईचा उजवा खांदा घासून भिंतीचा रंग एका रेषेत पुसट झाला होता. धाकटी त्या रेषेमागोमाग उतरली.

खाली दुपारची गडबड होती. आजोबांची कामाची टेबलं पाय कापून बुटकी केलेली होती; लाकूड आवळून धरायच्या पकडी अजून त्यांच्या कडांना होत्या, आणि त्यांत आता कुणाकुणाची दप्तरं अडकवलेली होती. एका कोपऱ्यात टेलरकाकू चार बायकांना घेऊन औषधाच्या रिकाम्या पाकिटांवरची नावं वाचून घेत होत्या. त्या स्वतः इथेच तिशीत पहिलं अक्षर शिकल्या होत्या आणि बाई आजारी पडल्यापासून दाराची किल्ली त्यांच्या कमरेला होती. दुसरीकडे रंगकाम करणारा एक बाप, हाताला पांढरे ठिपके तसेच, मुलीकडून भागाकार समजून घेत होता. "शून्य वर का द्यायचं पण?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता आणि मुलगी कपाळावर हात मारत होती.

फळ्यासमोर पोरं एकामागे एक, मांडी घालून, रेल्वेच्या डब्यांसारखी बसली होती. पाठीवरचं टपाल. धाकटीने स्वतः ते शेकडो वेळा खेळलं होतं. एक फळा आणि तीस पोरं अशी अवस्था असताना आईनेच ते काढलं होतं. सगळ्यात मागच्याने मनात एक शब्द धरायचा आणि पुढच्याच्या पाठीवर बोटाने लिहायचा, एकेक अक्षर, सावकाश. त्याने तो त्याच्या पुढच्याच्या पाठीवर. असं करत शब्द पहिल्यापर्यंत पोचला की त्याने उठून फळ्यावर लिहायचं आणि मागच्याला विचारायचं, 'बरोबर आलं का?' नियम एकच. रांगेत बोलायचं नाही. आईला त्या निमित्ताने पाच मिनिटं शांतता मिळायची. घरच्यांच्या लेखी त्याचा उपयोग तेवढाच होता.

रांगेत मागून दुसऱ्या जागी आई बसली होती.

धाकटी दारातच थबकली. आईच्या मागे एक मुलगी गुडघ्यांवर उभी होती आणि तिच्या पाठीवर मोठं मोठं लिहीत होती. या मुलीचा एक पाय कायम हलत असायचा. तिला सगळे 'भोवरा' म्हणायचे. आईने डोळे मिटले होते. भोवऱ्याचं बोट थांबलं. आईने जराशी मान हलवली, जसं कुणी दार वाजवल्यावर 'आले, आले' म्हणावं तशी, आणि समोरच्या मुलाच्या पाठीवर लिहायला लागली.

शब्द पुढे सरकत गेला. पहिल्या मुलाने फळ्यावर लिहिलं: खिडकी.

"बरोबर आलं का?"

"बरोब्बर!" भोवरा ओरडली.

धाकटीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं पाहिलं. शब्द आईतून गेला होता. भोवऱ्याच्या बोटातून आईच्या पाठीत, आईच्या पाठीतून तिच्या बोटात, आणि वाटेत सांडला नव्हता. पण त्यालाही साधं कारण असू शकतं, तिने स्वतःला बजावलं. नुसत्या रेघा पोचवता येतात की. टपालवाल्याला पत्र कुठं वाचावं लागतं?

"आई," ती जवळ जाऊन म्हणाली, डाव्या बाजूने. "काय शब्द होता?"

"खिडकी," आई म्हणाली.

"फळ्यावर बघून सांगितलंस?"

आईने फळ्याकडे पाहिलं. "फळ्यावर किडे आहेत," ती म्हणाली.

"त्यांना फळ्यावरचं येत नाही," भोवऱ्याने समजावलं, एखाद्या नव्या मुलीला नळ कुठाय ते दाखवावं तसं. "पाठीवरचं येतं."

"कधीपासून?"

"रोज. एक जण कमी होता म्हणून बसवलं बाईंना. तेव्हापासून."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

भोवरा गोंधळली. "बाईंना वाचता येतं, यात सांगायचं काय?"

धाकटीच्या अंगावर काटा आला. तो दाबून ती खाली बसली, कारण काटा येणं हा पुरावा नव्हे. तिने सगळ्या पोरांना तोंड भिंतीकडे करून बसवलं, म्हणजे कुणाच्या चेहऱ्यावरून आईला काही कळायला नको. मग तिने आईच्या पाठीवर बोट टेकलं. किती वर्षांनी. साडीखाली मणके हाताला लागत होते. तिने लिहिलं: गंज.

"गंज," आई म्हणाली.

कदाचित नशीब. तिने जोडाक्षर घेतलं. समुद्र.

"समु," आई थांबली. "पुन्हा दे शेवटचं." धाकटीने 'द्र' पुन्हा दिलं. "समुद्र. तुझा रफार लहानपणापासून असाच गचाळ."

"तो रफार नाही, आई, तो रकार."

"तोच. तोही गचाळ."

धाकटीला हसू आलं. अजून एक शंका शिल्लक होती. दोन अक्षरांवरून माणूस पुढचा शब्द ओळखतो. आईसारखी बाई तर नक्कीच. म्हणून तिने असा शब्द घेतला जो कुणीच कधी ऐकलेला नव्हता, ज्याचा अंदाज बांधता येणार नव्हता, जो नीट वाचल्याशिवाय मिळणारच नव्हता. तिने सावकाश लिहिलं: ढेमुक.

आईच्या कपाळावर एक आठी उमटली, जुनी, ओळखीची, वहीत लाल रेघ मारण्याआधी उमटायची ती.

"ढेमुक," ती म्हणाली. "नाही. असा शब्द नाही."

टेलरकाकूंच्या गटातलं वाचन थांबलं. भागाकार थांबला. धाकटीचं बोट आईच्या पाठीवर तसंच टेकलेलं राहिलं. तिने रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबात हालचाली पाहिल्या होत्या, आणि दर वेळी तिला वाटायचं की आश्चर्याची आता सवय झाली. तशी सवय कुणाला होत नसते, हे तिला आत्ता कळलं. डोळ्यांकडून जाणारा रस्ता बंद होता. डॉक्टर बरोबर होते, तो खरोखर बंद होता. मग अक्षर पाठीच्या कातडीवरून, खांद्यावरून, कुठल्या तरी आडवाटेने, कधी न वापरलेल्या बोळातून आत गेलं होतं आणि नेमकं त्याच घराच्या मागच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं. आणि आतून कुणीतरी दार उघडलं होतं. मग अक्षर राहतं तरी कुठे? शाईत नाही. डोळ्यांत नाही. मग कुठे?

तिने एक कागद घेतला, त्यावर 'पाणी' लिहिलं आणि आईचं बोट धरून अक्षरांच्या रेघांवरून फिरवलं.

"पा," आई म्हणाली. "पाणी." मग तिने आपला हात सोडवून घेतला आणि स्वतःच पुन्हा फिरवला. "पाणी. बघताना किडे. फिरवलं की पाणी." तिचा आवाज अगदी खाली गेला. "मला वाटलं, पोरं माझं मन राखतायत. सोपं सोपं देतायत. खरंच आहे का गं हे?"

"खरं आहे," धाकटी म्हणाली. "मी तपासलं."

*

"काय तपासलंस?"

दादा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होता, खांद्यावर दोरी, त्याच्यामागे मामा आणि वहिनी. धाकटीने सांगितलं. तिला वाटलं आपण नीट, क्रमाने सांगतोय. मामाने नंतर सगळ्यांना सांगितलं की मोजपट्टी पहिल्यांदाच बरळत होती. तिने दाखवूनही दिलं. मामाने स्वतः पुढे होऊन बहिणीच्या पाठीवर एक शब्द लिहिला आणि आई म्हणाली, "गाढव. स्वतःचं नाव लिहायचं असतं तर सांगायचं होतंस." मामा मटकन बाकावर बसला आणि रुमालाने डोळे पुसत हसायला लागला.

"म्हणजे ताई आहे," तो म्हणाला. "अख्खी आहे की आत."

"ती कुठं गेली होती?" दादा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ताठ होता. "मला आनंद नाही झाला असं समजू नका. झाला. पण पाठीवर एकेक अक्षर लिहून जगता येतं का? बसचा नंबर कोण लिहिणार पाठीवर? गॅसचं बटण?"

"बोटाने वाचता येतं तिला. सराव झाला की—"

"आणि रस्ता? रस्ता वाचता येतो बोटाने?" तो थांबला. मग मामाकडे बघत म्हणाला, "सांग ना हिला. तुला सकाळी सांगितलं ते."

मामा हसायचा थांबला. "परवा हा आणि ताई कोपऱ्यावर उभे होते," तो म्हणाला. "ताई उतरली रस्त्यात. उजवीकडून गाडी येत होती. तिला दिसलीच नाही. याने दंडाला धरून ओढलं म्हणून."

"तिचा दंड अजून काळानिळा आहे," दादा म्हणाला. "तो मी केलाय. रात्री डोळे मिटले की मला तेवढाच हात दिसतो, माझा, आणि तो जरा उशिरा पोचतो. तुम्ही सगळे मला वाईट ठरवा, चालेल. पण मला ती जिवंत हवी आहे. वाचणारी नसली तरी चालेल."

धाकटीला एकदम कळलं की दादाचं कारण तिच्या तिन्ही कारणांपेक्षा जड होतं, आणि त्याने ते एकट्याने उचललं होतं, दोरीसारखं खांद्यावर टाकून.

मग टेलरकाकू उठल्या. "दादा, बाई रस्ता ओलांडत नाहीत आता," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही बरोबर होतात म्हणून ओलांडला. एरवी पोरं उजव्या अंगाला चालतात त्यांच्या. कुणी सांगितलं नाही तसं. चालतात."

"पोरं मोठी होतील. जातील."

"जातील. दुसरी येतील. मी आले होते तेव्हा माझ्या उजव्या अंगाला कुणी नव्हतं."

पण दादाने मान हलवली नाही, आणि धाकटीला माहीत होतं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करेल, रस्ता, गॅस, जिना. तेवढ्यात वहिनी बोलली. ही बाई इतकी वर्षं या घरात होती आणि भांडणात कधी पडली नव्हती. तिने घड्या घातल्या, चहा केला आणि दोन्ही बाजूंना दिला.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "आई 'येते' म्हणाल्या, ते कुणाला म्हणाल्या?"

"म्हणजे?" दादा म्हणाला.

"तुम्ही विचारलंत त्यांना? की येतेस का म्हणून?"

"विचारलं की. म्हणजे, मी सांगितलं. हिने विचारलं." त्याने धाकटीकडे बोट केलं.

"मी नाही," धाकटी म्हणाली. "मला वाटलं तू विचारलंस. तू फोनवर म्हणालास, आई तयार आहे."

"मामा म्हणाला तयार आहे!"

"मी?" मामा म्हणाला. "मी म्हटलं ताई काही बोलली नाही. माझ्या ताईने काही न बोलणं ही किती भयंकर गोष्ट आहे असं मला म्हणायचं होतं. तू ते होकारात घेतलंस!"

टेम्पो ठरला होता. कपाट दोनदा मोजून झालं होतं. बाराव्या मजल्यावरच्या खोलीला आईच्या आवडीचा रंग लागला होता. आणि तो प्रश्न, दोन शब्दांचा, प्रत्येकाने दुसऱ्याच्या खिशात आहे असं समजून कुणी काढलाच नव्हता. आई रांगेत आपल्या जागी बसून होती, पाठ त्यांच्याकडे, जणू हे सगळं शेजारच्या घरातलं बोलणं होतं.

"मग विचारा ना," वहिनी म्हणाली. "समोर बसल्यात."

दादाने घसा साफ केला. "आई, तू—"

"बरं," आई म्हणाली.

"अगं, मी अजून विचारलंच नाही!"

मामाला पुन्हा हसू फुटायला लागलं होतं, पण वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की ते जागच्या जागी विरलं. दादा उभाच होता. मोठमोठ्या माणसांशी व्यवहार करणारा, चार जिल्ह्यांतली कामं सांभाळणारा माणूस, आणि त्याला आईला एक प्रश्न विचारता येत नव्हता, कारण तोंडाने विचारला की उत्तर काय येणार हे त्याला ठाऊक होतं आणि त्या उत्तरावर आता त्याचा विश्वास उरला नव्हता.

त्याने दोरी खाली ठेवली. बूट काढले. आणि भोवऱ्याला म्हणाला, "जरा जागा देतेस?"

"तुम्हाला येतं का?" भोवऱ्याने संशयाने विचारलं.

"मी या रांगेत तुझ्याआधी बसलोय."

भोवरा उठून थेट रांगेच्या पुढे गेली, फळ्याजवळ, आणि पहिल्या मुलाला सरकवून तिथे बसली. दादा आईच्या मागे बसला. त्याला मांडी घालता येईना, म्हणून तो गुडघ्यांवर टेकला. पोरं सरळ झाली. कुणीही न सांगता सगळं दालन गप्प झालं; रांगेत बोलायचं नाही.

त्याने बोट उचललं आणि धरून ठेवलं. मग आईच्या पाठीवर लिहायला लागला. धाकटी बाजूने बघत होती, तिला वाचता आलं. ये. मग मोठा श्वास. ते. मग स, ज्याची गाठ तो लहानपणीसारखीच उलटी काढायचा. शेवटी प्रश्नचिन्ह, आणि त्याचा ठिपका, जो त्याने इतका हलके टेकवला की पाठीवर पोचला की नाही अशी शंका यावी.

आई हलली नाही.

तिच्या पाठीकडे बघताना धाकटीला जाणवत होतं की आतमध्ये, कुठल्यातरी अंधाऱ्या आडवाटेने, तीन अक्षरं चालत निघाली आहेत. ती कुठवर आली असतील? मानेपर्यंत? जगात एका माणसाचं दुसऱ्याला कळणं ही रोजची गोष्ट, तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. आणि इथे एकेक रेघ मोजून, एका गुठळीला वळसा घालून, ती गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती, एखादी नदी पहिल्यांदा वाट काढताना दिसावी तशी.

आईने डोळे मिटले. मग हात उचलला आणि पुढच्या मुलाच्या पाठीवर टेकवला.

तिने लिहिलं ते धाकटीला दिसलं नाही. आईचा खांदा मध्ये होता. पण ते तीन अक्षरांएवढंच होतं, आणि ती अक्षरं 'येतेस'ची नव्हती. पहिल्याच रेघेला आईचं कोपर वेगळीकडे वळलं होतं. तिने शेवटचं अक्षर पुरं केलं आणि हात मांडीवर ठेवला.

मुलाने पुढे लिहिलं. त्याच्या पुढच्या मुलीने मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं आणि पुढे दिलं. शब्द पाठीपाठीतून सरकत होता. दर वेळी दोन खांदे जरासे उचलले जायचे आणि खाली यायचे. रंगारी बाप टाचा उंचावून बघत होता. टेलरकाकूंनी तोंडावर पदर धरला होता. वहिनीने धाकटीचं मनगट घट्ट पकडलं होतं आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

भोवऱ्यापर्यंत ते पोचलं. तिचा हलणारा पाय थांबला. तिने एकदा मागे वळून पाहिलं, अख्ख्या रांगेवरून, शेवटी बसलेल्या मोठ्या माणसाकडे. मग उठली, खडू घेतला आणि फळ्याच्या मधोमध, मोठ्या अक्षरात लिहिलं:

तूच ये

खडू ठेवून ती वळली. तिने नियमाप्रमाणे विचारलं, कारण विचारायचंच असतं. "बरोबर आलं का?"

दादा गुडघ्यांवर तसाच होता. फळ्यावरचं वाचताना त्याचे ओठ हलले. आई फळ्याकडे तोंड करून बसली होती. तिच्यासाठी तिथे पांढऱ्या किड्यांची एक ओळ होती. तिने मान वळवली नाही. तीही वाट बघत होती, आणि तिच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती.

"काका," भोवरा म्हणाली, "सांगा ना. बरोबर का चूक?"

दादाने पुढे वाकून कपाळ आईच्या पाठीला टेकवलं, जिथे थोड्या वेळापूर्वी त्याचं बोट होतं.

"बरोबर," तो म्हणाला. "उत्तर जसंच्या तसं आलं."